बारीक टायपातला खेळ

(मराठी वृत्तपत्रांच्या आणि वृत्तवाहिन्यांच्या क्रीडा संपादकांना खुले पत्र)

खराडी, पुणे १४

सन्माननीय क्रीडा संपादक,


माझं नाव आयुष्यात एकदाच पेपरात छापून आलं. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी शालेय खो-खोचे सामने भरले होते, मी आठवीत होते, आणि तिसऱ्या दिवशी एसटीने आलेल्या पेपरात आतल्या पानावर, बाजारभावांच्या वर, बारीक टायपात चार ओळी होत्या. माझं आडनाव चुकलं होतं. नावापुढे कंसात मात्र बरोबर छापलं होतं : १.४० मि. व २ गडी. म्हणजे संरक्षणात मी एक मिनिट चाळीस सेकंद कुणाच्या हाती लागले नाही आणि आक्रमणात दोघींना बाद केलं. आईला त्या मिनिटांतलं काही कळलं नाही, पण तिने ते कात्रण देवघरातल्या पोथीत जपून ठेवलं.

त्या कंसासाठी हे पत्र लिहिते आहे.

त्या चार ओळींत मी कुणाची लेक हे नव्हतं. वडील काय करतात, घरात वीज आहे का, मी दिसायला कशी, दहावी झाली की माझं लग्न करणार का, यातलं काही नव्हतं. शेजारीच मुलांच्या सामन्याचा निकाल होता, त्यातही तसेच कंस. खो-खोच्या बातमीचा हा साचा आजही टिकून आहे. राज्य अजिंक्यपद स्पर्धेची बातमी काढून बघा. पुरुषांची आणि महिलांची कामगिरी एकाच मापाने मोजलेली दिसेल, मिनिटं आणि गडी. मराठी क्रीडापानावर बाईला सगळ्यात सरळ वागणूक कुठे मिळत असेल तर ती या बारीक टायपात, असं माझं मत होत चाललंय. टाइप मोठा होत जातो तसतसा खेळ आटत जातो. पोर जिल्ह्यात खेळते तोवर तुम्ही तिची मिनिटं छापता. ती देशाकडून खेळायला लागली की तिच्या आईच्या डोळ्यांतलं पाणी छापता.

मी खराडीत राहायला आले तेव्हा आमच्या इमारतीच्या मागे ज्वारी उभी असायची. आता तिथे इऑन आयटी पार्ककडे जाणाऱ्या कॅबची रांग असते. सोसायटीच्या कोपऱ्यात एक मोकळा तुकडा उरलाय, ज्याला बिल्डरच्या माहितीपत्रकात ‘ॲम्फी थिएटर’ म्हटलं होतं. तिथे दोन खांब रोवून मी संध्याकाळी मुलींना खो-खो शिकवते. चौदा मुली, पाच मातृभाषा. ‘खो’ हा शब्द तेवढा सगळ्यांचा एक.

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री याच मुली क्लबहाउसमधल्या पडद्यासमोर बसल्या होत्या. नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या २९८. शफाली वर्माच्या ८७, आणि नंतर तिच्याच ऑफस्पिनवर दोन बळी. दीप्ती शर्माचं अर्धशतक, वर ३९ धावांत पाच जणी. दक्षिण आफ्रिकेच्या लॉरा वुल्वार्टने शतक ठोकून जीव टांगणीला लावला होता; तिचा झेल अमनज्योतच्या हातून निसटत, उडत अखेर पकडीत आला तेव्हा आमच्या क्लबहाउसमधल्या दोन खुर्च्या मोडल्या. ५२ धावांनी जिंकलो. मध्यरात्री नगर रस्त्यावर हॉर्न वाजत होते, आणि ते मुलींसाठी वाजत होते.

त्या आठवड्यात चंदननगरच्या स्टॉलवरून मी हाताला लागतील ते सगळे मराठी पेपर घेतले. पान पान भरून फोटो. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मग वाचायला बसले. लेकींनी करून दाखवलं, रणरागिणी, दुर्गा, वाघिणी. कुणाच्या वडिलांनी काय विकलं, कुणाच्या आईने कसं धाडलं. दीप्तीने ते पाच बळी कसे घेतले, वेग कुठे कमी केला, टप्पा कुठे पुढे ठेवला, हे मला दुसऱ्या दिवशी मुलींना सांगायचं होतं. ते मला स्वतः सामना पुन्हा बघून टिपावं लागलं.

आणि अमोल मुझुमदार. रणजीत धावांच्या राशी, भारताची टोपी कधीच नाही, आणि आता प्रशिक्षक म्हणून विश्वचषक. गोष्ट सुंदरच आहे, मलाही गहिवरून आलं. पण ‘चक दे’मधल्या कबीर खानशी त्यांची तुलना करण्यात जेवढी शाई गेली तेवढ्यात दीप्तीचे पाच बळी दोनदा समजावून सांगता आले असते. बायका जिंकल्या, आणि विजयाचा नायक शोधायला आपण सीमारेषेबाहेर गेलो. खुद्द मुझुमदारांनाही ते अवघडच वाटलं असेल.

तीन आठवडे गेले आणि कॅमेरे सांगलीला पोचले. स्मृती मानधनाने त्या स्पर्धेत ४३४ धावा केल्या होत्या. तिचं लग्न ठरलं होतं, ते ऐनवेळी पुढे ढकललं गेलं, आणि डिसेंबरात तिने स्वतः जाहीर केलं की ते होणार नाही, आता आमचं खासगीपण जपू द्या. बातमी एवढीच होती, दोन वाक्यांची. त्यावर किती तास चर्चा झाल्या हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आमच्यातली एक अकरा वर्षांची डावखुरी मुलगी त्या दिवसांत आईच्या मोबाइलवर स्मृतीचा कव्हर ड्राइव्ह शोधत होती. नाव टाइप केलं तर ओळीने मेंदी, हळद, रुग्णालयाचं दार, ‘जवळच्या सूत्रांनुसार’. बराच वेळ बोट सरकवून तिने मोबाइल माझ्याकडे दिला. “काकू, खेळताना कुठेय ही?”

डिसेंबर संपायच्या आत श्रीलंकेविरुद्ध खेळताना स्मृतीने आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधल्या दहा हजार धावा पूर्ण केल्या. तीही बातमी आली. नाही असं नाही.

पुरुष खेळाडूंच्या लग्नाच्या बातम्या होत नाहीत का, असं तुम्ही म्हणाल. होतात, भरपूर होतात. फरक एवढाच की विराट कोहलीचं लग्न कितीही वेळा दाखवलं तरी त्याच्या कव्हर ड्राइव्हवर आधी दहा वर्षं लिहून झालेलं असतं. स्मृतीचं तसं नाही. २०१३ साली वडोदऱ्यात, १९ वर्षांखालच्या सामन्यात, महाराष्ट्राकडून गुजरातविरुद्ध तिने नाबाद २२४ धावा केल्या. एकदिवसीय सामन्यात द्विशतक करणारी ती पहिली भारतीय मुलगी. त्या खेळीबद्दल कुणालाही विचारा, पहिलं काय आठवतं? बॅट राहुल द्रविडची होती.

आपली भाषा याबाबतीत आपल्यापेक्षा शहाणी आहे. इंग्रजीत ‘बॅट्समन’चा ‘बॅटर’ करायला लंडनच्या एमसीसीला २०२१ साल उजाडावं लागलं. मराठीत फलंदाज, गोलंदाज, यष्टिरक्षक, कर्णधार, पंच, खेळाडू, यातला एकही शब्द बाईला अडवत नाही. क्रियापद आपलं काम करतं. फलंदाज बाद झाली. कर्णधार म्हणाली. संपलं. तरी आपण ‘महिला फलंदाज’ आणि ‘महिला कर्णधार’ लिहीत बसतो, जणू क्रियापदावर भरवसा नाही. स्पर्धेच्या नावात ‘महिला’ एकदा असतं, तेवढं पुरे. आणि ते लावायचंच असेल तर दोन्हीकडे लावा. २०१७ साली विम्बल्डनला एक पत्रकार म्हणाला की २००९ नंतर उपांत्य फेरीत पोचलेला हा पहिला अमेरिकन खेळाडू; अँडी मरेने तिथल्या तिथे दुरुस्त केलं, पुरुष खेळाडू. विल्यम्स भगिनी मधली सगळी वर्षं काय करत होत्या?

‘लेक’ या शब्दाशी माझं भांडण नाही. माझ्या मुलीला मी तसंच म्हणते. पण लेकीचं कौतुक करायचं असतं. तिचं चुकलं तर पोटात घालायचं असतं. खेळाडूच्या चुका काढायच्या असतात. अमुक फलंदाज आखूड चेंडूवर पुन्हा पुन्हा तसाच झेल देते, तिने तो फटका तरी सोडावा किंवा पाय तरी हलवावा, असं तुम्ही लिहाल तेव्हा तुम्ही तिला खेळाडू मानलंत असं मी समजेन. सध्या काय होतं, जिंकली तर दुर्गा आणि हरली तर ‘झुंज अपयशी’. मधलं सगळं, जिथे खरा खेळ असतो, ते रिकामं.

आता ललिता बाबर. नाव घेतलं की तुमच्या तोंडून आपोआप निघेल, माणदेशी एक्सप्रेस. कविता राऊत? सावरपाडा एक्सप्रेस. आपल्याकडे पळणारी बाई दिसली की तिची रेल्वे करतात. गंमत म्हणजे दोघींच्याही गावाला रेल्वे नाही.

ऑगस्ट २०१६, रिओ ऑलिंपिक, ३००० मीटर स्टीपलचेस. पात्रता फेरीत ललिताने ९ मिनिटे १९.७६ सेकंद अशी वेळ दिली. राष्ट्रीय विक्रम. अंतिम फेरीत ९ मिनिटे २२.७४ सेकंद, दहावी. ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेली ती १९८४ च्या पी. टी. उषानंतरची पहिली भारतीय महिला. हे सगळं छापून आलं, तेही आदराने. पण त्या महिन्यात मी जे काही वाचलं त्यात माण तालुक्याचा दुष्काळ होता, मोही गाव होतं, शेत होतं, अनवाणी पाय होते, स्टीपलचेस नव्हती.

स्टीपलचेस म्हणजे काय हे मला शाळेतल्या खेळाच्या सरांनी शिकवलं होतं म्हणून ठाऊक. अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या. हर्डल्सच्या शर्यतीत पाय लागला तर अडथळा पडतो. इथे अडथळा पडत नाही, तुम्ही पडता. जाडजूड तुळई असते ती, महिलांसाठी ७६.२ सेंटीमीटर उंच, आणि घोळक्यात पळताना पुढचीच्या पाठीमुळे ती शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. पाण्याशी तर आणखी अवघड. तुळईवर एक पाय टेकवायचा, त्याच पायाने स्वतःला पुढे लोटायचं, आणि खड्डा जिथे उथळ होत जातो तिथे उतरायचं. खड्डा तुळईलगत सगळ्यात खोल असतो. उडी कमी पडली तर बूट भरतात, लय तुटते, आणि पुढच्या फेरीत तोच हिशेब ओल्या पायांनी करावा लागतो. दोन किलोमीटर पळून झाल्यावर, मांड्यांत शिसं भरल्यासारखं होत असताना, हे करायचं. ललिता मुळात मॅरेथॉनवाली, मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत लागोपाठ पहिली येणारी. बेचाळीस किलोमीटरची धावपटू तीन किलोमीटरवर येते, तुळईवरून उडायला शिकते, २०१४ च्या आशियाई खेळांत कांस्य आणि २०१५ च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण जिंकते. पाऊल कसं बदललं तिने? सराव काय होता? यात एक अख्खी लेखमाला होती. आणि मथळाच हवा होता तर दुष्काळी माणची मुलगी पाण्याच्या खड्ड्यावर विक्रम करते, इतका आयता मथळा समोर असताना तुम्ही एक्सप्रेस धरलीत!

तो विक्रम सात वर्षं टिकला. २०२३ मध्ये बुडापेस्टला पारुल चौधरीने मोडला. त्या दिवशी तरी ललिताची वेळ किती होती हे मला शोधावं लागू नये असं वाटलं होतं.

माणमध्ये दुष्काळ आहे हे सोलापूरच्या बाईला सांगावं लागत नाही. तरीही गरिबीची गोष्ट लिहूच नका असं मी म्हणणार नाही. याच नगर रस्त्याने सरळ गेलात तर पुढे आष्टी तालुका लागतो, अविनाश साबळेचा. तोही स्टीपलचेसवाला. त्याचीही गरिबी तुम्ही लिहिलीत. पण त्यासोबत २०२४ च्या पॅरिस डायमंड लीगमधली ८ मिनिटे ९.९१ सेकंद ही वेळही लिहिलीत, आणि आमच्या सोसायटीत पहाटे पळणाऱ्या आयटीवाल्यांना ती तोंडपाठ आहे. ललिताची वेळ त्यांच्यातल्या एकालाही सांगता आली नाही. मी विचारून बघितलं.

धाराशिवच्या सारिका काळेचं उदाहरण मला जास्त लागतं, कारण तो माझा खेळ. २०१६ च्या दक्षिण आशियाई खेळांत खो-खोच्या सुवर्ण जिंकणाऱ्या संघाची ती कर्णधार, २०२० ची अर्जुन पुरस्कार विजेती. पुरस्कार जाहीर झाला तेव्हा सगळीकडे एकच ओळ फिरली : जवळजवळ दहा वर्षं ती दिवसाला एकदाच जेवून खेळली. हे तिनेच सांगितलं होतं, आणि सांगायला हवंच होतं. ज्या व्यवस्थेत देशाची कर्णधार उपाशी खेळते त्या व्यवस्थेला लाज वाटावी म्हणून तरी. पण तिला अर्जुन उपाशी राहण्याबद्दल मिळाला नाही. ती खांबाजवळ कशी खेळते, हुलकावणी कुठल्या खांद्याने देते, आक्रमणात सूर केव्हा मारते, हे मला माझ्या चौदा जणींना सांगता येत नाही. मला जे वाचायला मिळालं त्यात भाकरी आहे, खांब नाही.

पहिला खो-खो विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला झाला. अंतिम सामन्यात भारतीय महिलांनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार आपल्या पुणे जिल्ह्याची प्रियांका इंगळे. चैत्रा बी. हिच्या तुकडीने त्या सामन्यात पाच मिनिटांहून अधिक वेळ पळती केली. पाच मिनिटं! ज्याने खो-खो खेळलाय त्याला विचारा, दीड मिनिटात फुप्फुसं तोंडात येतात. प्रियांकाचं नाव आमच्या मुलींना ठाऊक आहे, त्याचं श्रेय तुम्हालाच. ती पाच मिनिटं मात्र मी सांगेपर्यंत त्यांना ठाऊक नव्हती.

बुद्धिबळाबद्दल थोडं. एप्रिल २०२५ मध्ये आमच्या नदीपलीकडे, हडपसरच्या अमनोरात, महिलांच्या ग्रां प्रीचा टप्पा रंगला. कोनेरू हम्पी जिंकली, नागपूरची दिव्या देशमुख तिसरी. मुंढव्याच्या पुलावरून गेलं की वीस मिनिटांचं अंतर (रहदारी नसेल तर, म्हणजे कधीच नाही). याच दिव्याने जानेवारी २०२४ मध्ये, अठरा वर्षांची असताना, विक आन झीची स्पर्धा खेळून झाल्यावर समाजमाध्यमावर लिहिलं होतं की लोक माझ्या डावांवर बोलत नाहीत. कपडे, केस, बोलण्याची ढब यांवरच बोलतात. दीड वर्षाने, २८ जुलै २०२५ ला, बातुमीत हम्पीलाच हरवून तिने विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली. आपण काय दाखवलं? आईच्या गळ्यात पडून रडणारी दिव्या. दिवसभर. क्षण खरा होता, सुंदर होता. पण दुसरा कुठलाही खेळ जसाच्या तसा कागदावर उतरवता येत नाही, बुद्धिबळ येतं. चाली छापा, एक पट काढा, वाचकाला घरबसल्या अख्खा डाव मिळतो. ज्या खेळात खेळाडूचा चेहराही दाखवायची गरज नाही त्यातही आपण चेहराच दाखवला.

चेहरा सोडून पटाकडे बघा, हे मराठी पत्रकारितेला बाहेरच्या कुणी सांगावं हे तर आणखी विचित्र. ‘नवाकाळ’च्या नीळकंठ खाडिलकरांच्या जयश्री, वासंती आणि रोहिणी या तीन मुलींनी मराठी घराघरांत बुद्धिबळ नेलं. १९७६ मध्ये तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा गदारोळ झाला, आणि बायकांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही असा निर्णय जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना द्यावा लागला. १९८१ मध्ये ती आशियाई विजेती झाली. पुढे जयश्री ‘नवाकाळ’च्या आणि रोहिणी ‘संध्याकाळ’च्या संपादक झाल्या. पटावरून संपादकाच्या खुर्चीपर्यंत बायका पोचल्या. खुर्चीवरून पटाकडे येणारे कमी.

मुलाखतींचं काय सांगायचं! २०१६ मध्ये सानिया मिर्झाला विचारलं गेलं की स्थिरावणार कधी, मूल कधी. दुहेरीत जगात पहिली असताना. तिने सुनावल्यावर त्या पत्रकाराने तिथेच माफी मागितली, हे त्याच्या पदरात टाकलं पाहिजे. २०१७ मध्ये मिताली राजला आवडता पुरुष क्रिकेटपटू विचारला, तेव्हा तिने उलट विचारलं, पुरुषांना तुम्ही आवडती महिला क्रिकेटपटू विचारता का? ती चित्रफीत तुम्ही सगळ्यांनी कौतुकाने दाखवलीत. त्यानंतर तुमच्यापैकी कुणी कुठल्या पुरुषाला तो प्रश्न विचारलाय का?

आता माझं मागणं. मला महिला दिनाची पुरवणी नको आहे. गुलाबी चौकट नको. मला तो कंस हवाय, मोठ्या टायपातही. नाव, आणि पुढे तिने काय केलं. ते आधी. मग आई, गाव, भाकरी, सगळं लिहा, मी वाचते. आणि ते आतलं बारीक टायपाचं पान मोडू नका. तालुका, जिल्हा, आंतरशालेय निकाल दिवसेंदिवस कमी होत चाललेत, मी दर सकाळी शोधते. १९७३ साली महिलांची पहिली आंतरराज्य राष्ट्रीय क्रिकेट स्पर्धा पुण्यातच झाली होती, अवघ्या तीन संघांची : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. तीन वर्षांनी पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी भारताच्या पहिल्या कसोटीत लेगस्पिन टाकत होत्या. असल्या स्पर्धेला कुणीतरी वही घेऊन बसलेलं असावं लागतं, मागच्या रांगेत का होईना.

तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर आम्ही रोज संध्याकाळी सहाला खेळतो. फोटोग्राफर आणलात तर खांबाजवळ उभं करा, सूर तिथूनच नीट दिसतो. काल आमच्यातल्या एका बारा वर्षांच्या मुलीने २ मिनिटे १० सेकंद पळती केली. घड्याळ माझ्याच हातात होतं.

कळावे,
आपली एक जुनी वाचक